विरजणाची खिंड

आधीच हात जोडतो. लिहिणाऱ्याची शाळा सातवीत सुटली, त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, कुठे जड शब्द हवा होता तिथे साधाच पडला असेल, तर सांभाळून घ्यावं. गोष्ट जुनी आहे आणि गावाची आहे. चूक असली तर ती लिहिणाऱ्याची समजावी, गोष्टीची नव्हे.

मोहरगाव पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना दर रविवारी सकाळी वेशीपासून सावळी नदीच्या घाटापर्यंत पायी फिरवून आणतात. फिरवणारे गंगारामतात्या लोणारे. पायात जाड वहाणा, डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. पण काठी टेकायला नसते, दाखवायला असते. "हे बघा जोते," म्हणतात. "या टोकाच्या घरापासून त्या टोकाच्या घरापर्यंत सगळी जोती एका उंचीची. ही बघा ओवरी. पाऊस असो की ऊन, गिऱ्हाईक वेशीपासून घाटापर्यंत डोकं न भिजवता, न तापवता जायचं. आणि दर चौकाला हौद. हे गाव आपोआप वाढलेलं नाही मंडळी, हे आखलेलं गाव आहे. जुनं जळालं, मग हे आखलं."

पाहुणे माना हलवतात, फोटो काढतात. रस्ता खरोखरच पाहण्यासारखा आहे. रुंद, आणि दोर लावल्यासारखा सरळ. वेशीत उभं राहिलं की पार नदीकाठच्या जानाईच्या देवळातला दिवा दिसतो.

पण चालत चालत रस्त्याच्या मध्यावर आलं की पाहुणे थबकतात. कारण तिथे हा एवढा रुंद रस्ता एकाएकी अंग चोरतो. डावीकडचं एक घर पुढे येतं, उजवीकडचं एक घर पुढे येतं, आणि मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच वाट उरते. माडीवरच्या खिडक्या तर इतक्या जवळ, की इकडच्या बाईने हात लांब केला तर तिकडच्या बाईच्या हाताला लागावा. घरं संपली की रस्ता पुन्हा पहिल्यासारखा रुंद.

"इथून एसटी कशी जाते हो?" कुणीतरी विचारतंच.

"जात नाही," तात्या शांतपणे सांगतात. "मागच्या गल्लीने वळसा घालते. मंत्र्याची गाडीसुद्धा वळसा घालते. या जागेला विरजणाची खिंड म्हणतात."

मग ते खिंडीतल्या हौदाच्या कठड्यावर बसतात, काठी मांडीवर आडवी घेतात आणि सांगू लागतात.

असे सांगतात की फार पूर्वी, मोहरगाव छोटं संस्थान होतं तेव्हा, इथे सगळे बोळच होते. छपरं गवताची, एकाची वळचण दुसऱ्याच्या वळचणीत शिरलेली. एका उन्हाळ्यात पेठेत आग लागली. ती एका छपरावरून दुसऱ्यावर वानरासारख्या उड्या मारत गेली. पखाली घेऊन निघालेली माणसं बोळात अडकली. पाणी पोहोचलं नाही आणि पेठ जळून खाक झाली.

संस्थानचे कारभारी होते विसाजीपंत. त्यांची विधवा बहीण उमाताई त्या आगीत गेली. पंत स्वतः बोळाच्या तोंडाशी उभे होते म्हणे, आणि मधे माणसं आणि गाड्या यांचा असा गुंता झाला होता, की बहिणीची हाक ऐकू येत होती, पण पाऊल पुढे टाकता येत नव्हतं.

आग विझल्यावर पंत राखेने माखलेले तसेच जानाईच्या देवळात गेले आणि त्यांनी नवस केला. "आई, असं गाव बांधीन, की वेशीतून तुझा दिवा दिसेल. मधे काही आड येऊ देणार नाही."

आणि गाव आखायला सुरुवात झाली.

आखायचं काम दोराने. अंबाडीचा जाड दोर, त्याला संस्थानचा शिक्का. दोर धरणारा माणूस वेगळा असे आणि त्याला देवीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यावी लागे, की दोर वाढू देणार नाही आणि घटू देणार नाही. रस्त्याच्या मधोमध खुंटी ठोकायची, दोराचं एक टोक खुंटीला, दुसरं टोक ताणून जिथे पोहोचेल तिथे चुन्याची फक्की मारायची. फक्कीच्या आत जे येईल ते पाडायचं. राजवाड्याची भिंत आली तर तीसुद्धा.

हा दोर दौलूच्या हातात होता.

दौलू तरणा होता आणि भारी लाजाळू. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होत. म्हणूनच त्याला हे काम आवडे. दोर ताणायचा, फक्की मारायची, बोलायचं काही नाही. आई-बाप लहानपणीच गेलेले. त्याला वाढवलं मावशीने, सगुणाक्काने, आणि सगुणाक्काचं घर नेमकं या जागी, तुमच्या डाव्या हाताला. समोर, उजव्या हाताला, भिवराकाकूचं. पेठ जळाली तेव्हा वारा फिरला म्हणे, आणि ही दोनच घरं राहिली.

या दोघींचं आयुष्यात कधी पटलं नाही. भांडण मोरीच्या पाण्यावरून. तुझं पाणी माझ्या दारात येतं, नाही तुझं माझ्या दारात येतं. दिवस उगवला की सुरू. पण तिन्हीसांजेला दूध तापलं की दोन्ही खिडक्या उघडत. एक हात इकडून, एक हात तिकडून, मधे विरजणाची वाटी. त्या वेळी एक शब्द नाही. बरा नाही आणि वाईटही नाही. एकीचं दही उन्हाने नासलं तर दुसरीकडे असे, दुसरीचं मांजराने सांडलं तर पहिलीकडे असे. सगुणाक्का म्हणायची, "विरजण आपल्या घरात टिकत नसतं बाबा. समोरच्याकडे ठेवलं तरच टिकतं. समोरची कशी का असेना."

आग लागल्यावर याचं मोल कळलं. माळावर झोपड्या घालून राहिलेल्या लोकांकडे दूध होतं, पण विरजण कुणाकडेच नव्हतं. सगळ्यांची गाडगी-मडकी जळालेली. तेव्हा माळावरून बाया वाट्या घेऊन या दोन दारांशी आल्या आणि कुणी रिकामी गेली नाही. आज मोहरगावात जे जे दही लागतं, ते त्या दोन खिडक्यांतून आलेलं आहे, असे सांगतात.

इकडे वेशीपासून रस्ता पुढे पुढे येत होता. नवी घरं उभी राहत होती. जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या, म्हणजे कुणी म्हणायला नको की कारभाऱ्याने आपल्या माणसाला कोपरा दिला. पण त्यामुळे जुना शेजार फुटला. समोर कोण आलंय ते ठाऊक नाही आणि रस्ता एवढा रुंद, की हाक मारायची तर घसा फाडावा लागतो. लोक दारं लावून आत बसू लागले. पंत संध्याकाळी रस्त्याने चालत जात आणि दौलूला म्हणत, "रस्ता झाला रे. पण गाव होत नाही. कुठे चुकलं?" दौलूचे कान लाल होत.

अखेर आखणी या दोन घरांपाशी आली. उद्या इथे फक्की पडणार, दोन्ही घरांची तोंडं जाणार, हे सगळ्या गावाला कळलं.

"बरं झालं," भिवराकाकू खिडकीतून म्हणाली. "हिचं तोंड लांब जाईल."

"आणि हिची मोरी," सगुणाक्का म्हणाली.

पण त्या तिन्हीसांजेला विरजणाची वाटी मधे आली, तेव्हा दोन्ही हात जरा जास्त वेळ तिथेच राहिले. दौलूने ते ओसरीवरून पाहिलं. तो काय करणार? शपथ त्याची होती. घर मावशीचं होतं, आणि त्या घरात तो रांगला होता. त्याने दोर नेहमीसारखा स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवला. खुंटीखाली ताकाचा रांजण होता. तो जेवला नाही. तसाच आडवा झाला.

सकाळी दोर खुंटीवर नव्हता. रांजणात होता. रात्रभर ताक पिऊन चांगला फुगलेला.

आता तो तिथे पडला कसा, याचे दोन पाठ आहेत. डाव्या बाजूचे लोक सांगतात, सगुणाक्काने स्वतः उचलून टाकला. उजव्या बाजूचे सांगतात, छे, भिवराकाकूकडे शेवग्याच्या शेंगा काढायची लांब आकडी होती, तिने खिडकीतून आकडी घालून ओढला. गंगारामतात्या खिंडीच्या बरोबर मधे बसून सांगतात, त्यामुळे ते कुठलाच पाठ खरा म्हणत नाहीत. "काही म्हणतात, देवीनेच पाडला," एवढं म्हणून पुढे जातात.

दौलूने दोर पिळला. बाहेर पंत, गवंडी, बघे, सगळे जमले होते. खुंटी ठोकलेली होती. दौलूने दोर ताणला. अंबाडी भिजली की आखडते, हे त्याला ठाऊक होतं. पण एवढी आखडेल हे त्यालाही वाटलं नव्हतं. टोक सगुणाक्काच्या उंबऱ्याच्या अलीकडेच थांबलं. म्हणजे घर फक्कीच्या बाहेर.

"दुसरीकडे," पंत म्हणाले.

दुसरीकडेही टोक भिवराकाकूच्या पायरीला लागेना. गवंडी एकमेकांकडे बघू लागले. पंतांनी पुन्हा ताणायला सांगितलं, आणि म्हणे दोर पहिल्यापेक्षा वीतभर कमीच भरला.

पंत पुढे आले. त्यांनी दोराचं टोक हातात घेतलं, नाकाशी नेलं.

"दौलू, याला ताकाचा वास येतोय."

शपथ मोडणाऱ्याचा दोर काढून घेत आणि त्याला वेशीबाहेर घालवत, असा तेव्हाचा नेम होता. दौलू तोंड उघडणार, तेवढ्यात सगुणाक्का दारात आली.

"मी भिजवला."

"हिने?" समोरून भिवराकाकूचा आवाज आला. "हिच्याकडे दोर भिजेल एवढं ताक कधी होतं? मी भिजवला. आकडीने."

"अगं बये, रांजण कुणाचा? माझा. ताक कुणाचं? माझं."

"ताक तुझं, पण विरजण कुणाचं? परवाचं विरजण माझ्या घरचं होतं!"

"आणि तुझ्या घरी ते कुठून आलं? आकाशातून? माझ्याच वाटीतून ना!"

बघे तोंडाला पदर आणि उपरणी लावून हसू लागले. पंतांनी दौलूकडे पाहिलं. "या दोघी रोज अशाच भांडतात?"

"नाही पंत," दौलू कसाबसा म्हणाला. "आज कमी आहे. माणसं बघताहेत म्हणून."

आता तर गवंड्यांनाही हसू आवरेना. पण दौलू हसला नाही. त्याने दोर गुंडाळला आणि पंतांच्या पायाशी ठेवला. "कुणी का भिजवेना. शपथ माझी होती. दोर माझ्या हातात घटला." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही.

हसणं थांबलं. पंतांचा चेहरा कठीण झाला. ते सगुणाक्काकडे वळले.

"आक्का, तुम्हाला घराची माया आहे, मला कळतं. पण असल्याच बोळाने माझी बहीण नेली. रस्ता मला हौसेने रुंद करायचा नाही."

सगुणाक्का उंबऱ्यावरून खाली उतरली. मग म्हणाली, "ठाऊक आहे. उमाताई माझ्याकडूनच विरजण न्यायच्या."

"उमा? इथून?"

"आगीच्या आदल्या दिवशी आल्या होत्या. वाटी इथे ठेवून गेल्या, म्हणाल्या, उद्या नेते."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पितळी वाटी होती, चिंचेने घासून लखलखीत केलेली. काठाशी एक बारीक पोचा होता. पंतांनी तो पोचा ओळखला. लहानपणी त्यांनीच ती वाटी जिन्यावरून टाकली होती. वाटीत विरजण होतं.

"परत द्यायची राहून गेली," सगुणाक्का म्हणाली. "आणि रिकामी वाटी परत करत नाहीत."

असे सांगतात की आग लागल्यापासून पंतांनी पानात दही घेतलं नव्हतं. ते ती वाटी दोन्ही हातांत धरून बोळाच्या मधोमध उभे राहिले. भिवराकाकूसुद्धा काही बोलली नाही, आणि ही गोष्टच मोठी नवलाची होती.

मग पंतांनी मान वर केली. दोन घरांच्या फटीतून, थेट समोर, नदीकाठी, जानाईचा दिवा दिसत होता.

"दौलू, इथे ये. खुंटीपाशी उभा राहा. काय दिसतं?"

"दिवा दिसतो, पंत."

"मधे काही आड येतं?"

दौलूने नीट पाहिलं. "नाही पंत. दोन्ही बाजूंनी मावशी आणि काकू आहेत. पण आड कुणी येत नाही."

पंत म्हणे तेव्हा हसले. आगीनंतर पहिल्यांदा.

"नवस दिव्याचा होता," ते म्हणाले. "रुंदीचा नव्हता. फक्की जिथे पडली तिथेच राहू दे."

पण ते कारभारी होते, नुसत्या मायेने निर्णय देणारे नव्हते. गवताची छपरं उतरवून कौलं घालायची, असा त्यांनी दोन्ही घरांना हुकूम केला. खिंडीत हौद बांधायचा आणि तो कधी रिता राहू द्यायचा नाही. राहिला तर जबाबदार दोन्ही घरं.

"दोन्ही म्हणजे?" भिवराकाकूने लगेच विचारलं. "अर्धा हौद तिचा की माझा?"

"ते तुम्ही भांडून ठरवा," पंत म्हणाले.

राहिला दौलू. नेम तो नेम. पंतांनी दोर उचलून दुसऱ्याच्या हाती दिला. दौलूने मान खाली घातली आणि वेशीकडे तोंड केलं. तेव्हा पंतांनी त्याला थांबवलं. वाटीतलं थोडं विरजण त्यांनी आपल्या घरासाठी द्रोणात काढून घेतलं आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"वेशीकडेच जा. पण बाहेर नको. घरं लांब केली ती आपण दोघांनी, मी सांगितलं आणि तू आखलं. आता दोर नाही तुझ्याकडे. ही आहे. बघ काय जमतंय."

इथवर सांगून गंगारामतात्या उठतात, काठी उचलतात आणि पाहुण्यांना पुढे घाटाकडे नेतात.

आजही हा रस्ता वेशीपासून घाटापर्यंत सरळ आहे आणि या एका जागी अंग चोरतो. आजही वेशीतून जानाईचा दिवा दिसतो, खिंडीतून तर अधिकच स्पष्ट. हौद भरलेला असतो. सगुणाक्काच्या आणि भिवराकाकूच्या वंशातली माणसं त्याच घरांत राहतात आणि मोरीच्या पाण्यावरून भांडतात. परवा तर प्रकरण पंचायतीपर्यंत गेलं होतं. पण मोहरगावात कुणीही घरच्या विरजणावर दही लावत नाही. ते समोरच्या घरातून आणायचं. नवी सून गावात आली की देवदर्शन झाल्याबरोबर वाटी घेऊन आधी रस्ता ओलांडते. समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. भांडण कितीही मोठं असो, ते तिन्हीसांजेच्या दुधापर्यंत. नंतर पुन्हा सकाळी सुरू करायला हरकत नाही. दह्याच्या पिशव्या दुकानात मिळतात, लोक घेतातही, पण त्यातलं दही विरजणाला लावत नाहीत.

आणि घाटावर पोचलं की रविवारी फिरायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणातरी एकाच्या हातात तात्या एक वाटी देतात आणि परतीच्या वाटेवर या घरातून त्या घरात विरजण पोचवायला सांगतात. शहरातली माणसं असतात, लाजतात. दार वाजवून काय बोलायचं, असं विचारतात. तेव्हा तात्या उरलेली गोष्ट सांगतात. ती ते नेहमी शेवटी, घाटाच्या पायऱ्यांवर सांगतात.

दौलू दुसऱ्या दिवशी सकाळी उठला. अंगणात तोंड धुतलं. उमाताईंची वाटी फडक्याने झाकली आणि तो वेशीपाशी गेला, जिथे नव्या घरांची रांग सुरू होत होती. रस्ता रिकामा होता. दोन्हीकडची दारं लावलेली होती. पहिल्या दारासमोर तो बराच वेळ उभा राहिला. कानशिलं तापली होती. मग त्याने कडी वाजवली.

एका बाईने दार किलकिलं केलं. "काय रे?"

दोर हातात असेपर्यंत दौलू कधी खोटं बोलला नव्हता.

"समोरच्या वहिनींनी विरजण मागितलंय," तो म्हणाला. "त्यांच्याकडचं नासलं म्हणे. स्वतः मागायला लाजतात. तुम्हीच जरा यातलं नेऊन देता का?"

बाईने रस्त्यापलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं. "असं होय," म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं." तिने त्याच्या वाटीतलं चमचाभर घेतलं, आपल्या वाटीत घातलं, पदर सारखा केला आणि रुंद रस्ता ओलांडून ती चालू लागली.

समोरच्या वहिनींनी काहीच मागितलं नव्हतं. दौलू पुढच्या दाराकडे वळला.